वातीची जागा

सोळापैकी अकरा काउंटर सकाळी नऊला बडबडायला लागायचे आणि संध्याकाळी सहाला गप्प व्हायचे.

"मॅडम, सरकारी टायमिंग आहे यांचं," माझा विद्यार्थी इम्रान म्हणाला.

मला हसू आलं नाही. स्क्रीनवरचा आलेख समोर दिसत होता. दिवसा डोंगर, रात्री मैदान, पुन्हा दिवसा डोंगर. आमच्या धंद्यात याला लाइट लीक म्हणतात. म्हणजे जिथं मिट्ट काळोख हवा तिथं कुठून तरी उजेड शिरतोय, आणि यंत्र उजेडालाच कण समजून मोजत बसलंय.

कॉस्मिक रे म्हणजे काय, हे मी लग्नात, मयतीत आणि एसटी स्टँडवर सगळीकडे सांगून झालंय. इथंही थोडक्यात सांगते. अवकाशातून प्रचंड वेगानं येणारे कण हवेच्या वरच्या थरावर आदळतात. तिथं त्यांचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी तुकडे होतात आणि त्यातले म्युऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोचतात. तुम्ही हे वाचताय तेव्हाही तुमच्या तळहातातून साधारण दर सेकंदाला एक म्युऑन आरपार जातोय. दुखत नाही, कळत नाही. ते मोजायला आम्ही सिंटिलेटर वापरतो. नाव अवघड, वस्तू साधी. खास प्लास्टिकची दोन फूट लांब-रुंद पारदर्शक पाटी. कण आतून गेला की पाटीत क्षणभर लकाकी उठते, आपल्या डोळ्याला न दिसणारी. पाटीला एक नळी चिकटवलेली असते, तिला फोटोट्यूब म्हणतात. ती लकाकी बघते आणि विजेचा एक ठोका पाठवते. ठोके मोजायचे, झालं काम. पाटी, नळी आणि वरचं काळं वेष्टन मिळून एक काउंटर होतो.

भानगड असते ती वेष्टनाची. ही नळी इतकी हळवी, की सुईच्या टोकाएवढ्या फटीतून ऊन आलं तरी ती बेभान ठोके देत सुटते.

आमचे सोळा काउंटर वाशी तालुक्यातल्या एका कॉलेजच्या मागच्या माळावर, फायबरच्या पेट्यांत मांडलेले होते. चौतीस वर्षं मी हेच करत आले. खाणीत केलं, डोंगरावर केलं, परदेशात केलं. रिटायर व्हायला एक वर्ष राहिलं तेव्हा हट्टानं हे स्टेशन माझ्या जिल्ह्यात आणलं. पठार आहे, आभाळ मोकळं आहे, अशी कारणं मी प्रस्तावात लिहिली होती. खरं कारण हे की मी इथली.

अकरा काउंटर बडबडतात ही बातमी आमच्या संस्थेच्या डायरेक्टरांपर्यंत गेलीच.

"मॅडम, दोन महिन्यांनी रिव्ह्यू कमिटी येतेय," फोनवर ते म्हणाले.

"येऊ द्या की सर."

"सलग दहा दिवसांचा स्वच्छ डेटा दाखवता येईल?"

"येईल."

"नाही आला तर काउंटर उचलून दक्षिणेच्या स्टेशनला पाठवावे लागतील. तिथं बिल्डिंग तयार आहे. इम्रानचंही तिकडंच काही तरी बघू."

इम्रानचं तिकडं काय बघणार होते? तो जवळच्याच परंड्याचा. त्याच्या पीएचडीचा सगळा प्रबंध या माळावरच्या मोजणीवर उभा होता आणि त्याच्या तयारीत त्याची तीन वर्षं गेली होती.

काउंटर बाहेरच्या एका वर्कशॉपमधून गुंडाळून आले होते. ट्रकचे हादरे आणि मार्चचं ऊन लागल्यावर काळा टेप कडेकडेनं सुटला. आमच्या संस्थेत हे काम करणारे एक जुने टेक्निशियन होते, ते निवृत्त झाले होते आणि नव्याला सवड नव्हती. मी आणि इम्राननं दोन काउंटर स्वतः गुंडाळून पाहिले. ते आधीपेक्षा जास्त बडबडायला लागले. दोन डॉक्टरेटच्या पात्रतेची माणसं आणि एक चौकोनी पाटी कागदात बांधता येईना.

त्या रविवारी मी आक्काकडं गेले.

माझं माहेर तेरखेडा. तेरखेडा म्हटलं की आसपासच्या लोकांना फटाके आठवतात. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. आक्कानं चौथीत शाळा सोडली आणि पुढं फटाक्याच्या कारखान्यात कागद गुंडाळायला बसली. मी शाळेत गेले. हे लिहायला मला दोन ओळी लागल्या, आक्काची त्यात पन्नास वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मुकादम म्हणाला, "आक्का, आता बसा घरी." तेव्हापासून ती घरी बसली होती, आणि बसणं तिला अजिबात जमत नव्हतं.

मी निघाले तेव्हा तिनं शेंगाची चटणी वर्तमानपत्रात बांधून दिली. दोरा नाही, टेप नाही. तीन घड्या, एक दुमड, आणि अंगठ्यानं एक दाब. मी ती पुडी उलटी केली, जोरात हलवली. तिखटाचा कण सांडला नाही.

"काय करायलीस? फोडशील की," आक्का म्हणाली.

"आक्का, उजेड आत जाणार नाही असं गुंडाळता येईल तुला?"

"फटाक्याची दारू भाईर येनार न्हाय असं जल्मभर गुंडाळलंय. उजेड काय दारूपरीस बारीक असतुया?"

"बराच बारीक."

"आण मग. बघू."

पहिले चार काउंटर आम्ही तिच्या घरी नेले. कामाची वाटणी अशी ठरली: आतला पांढरा कागद इम्रान हातमोजे घालून लावणार, कारण पाटीला बोटांचं तेल लागून चालत नाही. वरचा काळा कागद आक्का लावणार, बिनहातमोज्याची. "हातमोजं घालून कागद कळत न्हाय," एवढंच ती म्हणाली. आमचा परदेशी टेप तिनं बोटात धरून पाहिला आणि बाजूला ठेवला. "ऊन लागलं की ह्यो रुसतोय. खळ करू." मग मैद्याची खळ शिजली, त्यात चिमूटभर मोरचूद पडला, किडा-मुंगी लागू नये म्हणून. इम्राननं त्याचीही लॉगबुकात नोंद केली.

पांढऱ्या कागदाचं काम संपवून तो परत गेला. पुढचे दोन दिवस आम्ही दोघी बहिणीच होतो. ती गुंडाळत होती आणि मी बोलत होते. किती वर्षांनी असे दोन दिवस मिळाले होते! आईच्या हातचं हुलग्याचं माडगं, शाळेच्या वाटेवरचं कुत्रं, कारखान्यात रांगेनं बसून गाणी म्हणणाऱ्या बाया, त्यातल्या आता कोण राहिल्या. आक्काचे हात थांबत नव्हते आणि तोंडही थांबत नव्हतं.

"शके, तू म्हन्लीस ते कण हातातून जात्यात ते खरं?"

"दर सेकंदाला एक."

तिनं खळीनं माखलेला पंजा वर धरून पाहिला. "मग आतापोत्तर लई गेले असतील की. आन् मला एक बी कळला न्हाय?"

"कुणालाच कळत नाही."

"तुला तरी?"

"मलाही नाही. म्हणून तर यंत्र."

"म्हंजे जल्मभर तू जे मोजलंस ते तुला बी दिसलं न्हाय." ती पुन्हा कागदाकडं वळली. "माजं बी तसंच. म्या गुंडाळलेला फटाका म्या कवा फुटताना बघितला न्हाय. कुठं कुठं जायचा माल."

चौतीस वर्षांत माझं काम कुणी इतकं नेमकं समजून घेतलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "कागद धर नीट."

चारही काउंटर कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत तपासले. तपासायची रीत अशी: नळी चालू करायची आणि वेष्टनाच्या कडेकडेनं टॉर्च फिरवायची. कुठं ठोके वाढले तर तिथं फट. इम्राननं चारही बाजूंनी टॉर्च फिरवली. ठोके होते तसेच राहिले. त्यानं पुन्हा फिरवली. मग टॉर्च बंद करून म्हणाला, "आक्कांना पीएचडी देऊन टाकू मॅडम, माझी देऊ."

उरलेले बाराही, न बडबडणारे धरून, कॉलेजवरच करायचं ठरलं. मी रोज सकाळी आक्काला गाडीनं आणायची. तिथं मात्र तिनं पहिल्याच दिवशी मला दटावलं. "तू बोलायलीस की माजा हात आपला आपण चालतुया. हितं तुमची यंत्रं हायती. गप बस." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. बारा काउंटर बारा दिवसांत झाले. शेवटच्या दिवशी आक्का माळावर प्रत्येक पेटीपाशी जाऊन आली, आणि परत येताना तिची चाल दोन वर्षांपूर्वीसारखी झाली होती.

आठवडाभर आलेख सपाट राहिला. मग ऐन उन्हाळ्यात, एका दुपारी बाराच्या सुमाराला, तीन नंबरचा काउंटर बडबडायला लागला.

इम्रान ईदला परंड्याला गेला होता. मी एकटीच पेटी उघडली. कागद तसाच होता, कडा तशाच घट्ट होत्या. फक्त उजव्या खालच्या कोपऱ्यात दुमडीला एक बारीक तोंड पडलं होतं. दाभण जाईल एवढं.

मला ते बघताक्षणी कळलं. मी फटाक्याच्या गावची आहे. कागद गुंडाळणारी बाई कोपरा पूर्ण मिटवत नाही. तिथं वातीला जागा ठेवते. वात पुढं दुसऱ्या बाया घालतात. जागा ठेवायची राहिली की वात जात नाही, आणि मुकादम सगळा माल त्या बाईपुढं परत आणून टाकतो. आक्कानं पन्नास वर्षं ती जागा न चुकता ठेवली. इथंही ठेवली. खळ ओली होती तोवर तोंड मिटलेलं राहिलं, म्हणून टॉर्चला सापडलं नाही. पेटीच्या उष्णतेत खळ सुकली, कागद ओढला गेला आणि तोंड उघडलं.

मी त्यावर टेपचा तुकडा लावला. काउंटर गप्प झाला. पाच मिनिटांचं काम.

मग लॉगबुक उघडलं. हे लॉगबुक म्हणजे आमची जाड पुठ्ठ्याची वही. पानांवर आधीच नंबर असतात, पान फाडता येत नाही. पेनानंच लिहायचं. चुकलं तर खोडरबर नाही, गिरगटणं नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. काय बिघडलं, का बिघडलं, कुणी काय केलं, सगळं. याच वहीवरून मी पोरापोरींना रडेपर्यंत बोललेली आहे.

"काउंटर ३. दुपारी १२. कारण:" इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. मला मुकादमाचं वाक्य आठवलं. आता बसा घरी. मला आक्काची माळावरची ती चाल आठवली. ही वही कमिटी वाचणार, डायरेक्टर वाचणार, इम्रान तर वाचणारच. मी लिहिलं, "नळीच्या वायरचा कनेक्टर सैल. घट्ट केला." खाली सही केली.

मला त्या वेळी आक्काची इतकी माया आली होती की खोटं लिहितानाही अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं. चौतीस वर्षांतली ती पहिली खोटी नोंद.

दुसऱ्या दिवशी मी दहा दिवसांसाठी संस्थेत गेले, बैठका होत्या. चौथ्या दिवशी इम्रानचा फोन आला.

"मॅडम, एक नंबर सुरू झालाय. आणि आज चार नंबर."

मी बैठकीतून उठून बाहेर आले. "काय वाटतं तुला?"

"कनेक्टरच. तीन नंबरला तुम्ही पकडलंत ना? अख्खी बॅच खराब असणार."

आताच सांग, असं मी स्वतःला म्हटलं. तोंडातून निघालं ते एवढंच: "कडाही बघ जरा."

"कडा आक्कांच्या आहेत मॅडम," तो हसून म्हणाला. "त्यात काय बघायचं?"

"मी आल्यावर बघू," म्हणून फोन ठेवला. पण इम्रान थांबणारा नव्हता. कमिटी जवळ येत होती आणि त्याच्या हातात माझ्या सहीची नोंद होती. त्यानं पुण्याहून नवे कनेक्टर मागवले आणि सोळाही काउंटर उघडून, त्या पत्रा तापल्यासारख्या उन्हात बसून, एकेक कनेक्टर बदलला. प्रत्येक वेळी वीज बंद, मोजणी बंद, मग पुन्हा सगळं जुळवून घेणं. जमलेला स्वच्छ डेटा तुकड्यातुकड्यांचा झाला. सलग दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवे होते.

मी परत आले तेव्हा कमिटीला बारा दिवस उरले होते. त्याच सकाळी दोन नंबरचाही काउंटर सुरू झाला होता. इम्रान पेटीशेजारी उकिडवा बसला होता. सोल्डरिंगनं त्याच्या दोन बोटांना फोड आले होते. "नवे कनेक्टर पण खराब निघाले बहुतेक," तो म्हणाला, आणि माझ्याकडं बघायचं टाळलं, कारण त्याचे डोळे भरले होते.

गाडीतून उतरताना मी ठरवलं होतं की याला बाजूला घेऊन सगळं सांगायचं. तेवढ्यात कॉलेजच्या फाटकातून आक्का आली. जीपनं आली होती, हातात भाकरीचं फडकं. इम्रान हल्ली तिच्याकडंच जेवायचा, आणि पोरगं चार दिवस फिरकलं नाही म्हणून.

"काय झालं रं? तोंड का उतरलंय?"

"काही नाही आक्का. कनेक्टर दगा देतायत. आधी तीन नंबर गेला, तो मॅडमनी पकडला. मग एक, मग चार. आज दोन."

आक्का फडकं सोडत होती, ती थांबली.

"एक, दोन, तीन, चार?"

"हो."

"आन् बाकीची बारा?"

"गप्प आहेत."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "शके, ही घरी केलेली चार."

ती दोन नंबरच्या पेटीपाशी गेली, वाकली, आणि डोळ्यांनी न बघता नुसतं बोट कडेनं फिरवत नेलं. उजव्या खालच्या कोपऱ्यात बोट थांबलं. ती तशीच वाकून राहिली. मग उठून तीन नंबरकडं गेली. तिथंही बोट कोपऱ्यापर्यंत नेलं, आणि तिथं तिला टेप लागला.

"हे कुनी लावलं?"

"मी," मी म्हटलं.

"कवा?"

"अकरा दिवस झाले."

इम्राननं एकदा माझ्याकडं आणि एकदा लॉगबुक ठेवलेल्या खोलीकडं पाहिलं. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"मला का न्हाय सांगितलंस?" आक्कानं विचारलं.

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं की! घटकाभर रडले असते. मग म्हन्ले असते, शके, तवा आपण आईचं बोलत हुतो, माजा हात त्याच्या वाटंनं गेला, चारी बघ. एका दुपारचं काम हुतं. ह्या लेकराची बोटं भाजली नसती."

"आक्का, लोक म्हणाले असते—"

"लोक काय म्हन्ले असते ते म्या ऐकलं असतं. मुकादमाचं पन्नास वर्सं ऐकलं, तवा मेले का?" तिचा आवाज चढला. "परक्याची चूक झाकत्यात शके. घरच्याला सांगत्यात. लहानपनी तुजा पाढा चुकला तर म्या कवा झाकला का? पाटी पुसून पुन्ना लिव्हायला लावायची. आन् तू मला परकी केलीस."

मी एकोणसाठ वर्षांची बाई. डोक्यावर टोपी, हातात मल्टिमीटर. भर माळावर उभी राहून मी रडले. मला तिचं ऋण कुठं तरी फेडायचं होतं आणि त्या नादात मी तिला काचेच्या कपाटात ठेवायला निघाले होते, हे मला तिथं उन्हात कळलं. कळलं ते खूप लागलं.

आक्कानं मला थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, "बास आता. मैदा आन. खळ कर."

चारही कोपरे त्या दुपारी झाले. तीन नंबरवरचा माझा टेप तिनं उचकटून काढला. प्रत्येक कोपऱ्याला तिनं काळ्या कागदाची ठिगळं लावली, एकावर एक तीन, आणि सुकेपर्यंत अंगठा दाबून बसली. मी कागद कापून देत होते, इम्रान खळ पुढं करत होता. मधेच इम्रान हळूच म्हणाला, "मॅडम, मला तरी सांगायचं."

"हो रे. चुकलं माझं."

"मी आक्कांना बोललो नसतो काही."

"मला माहीत आहे. म्हणूनच जास्त चुकलं."

तो मान हलवून टॉर्च आणायला गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी जरा बरोबरीनं बोलतो, आणि ते मला आवडतं.

संध्याकाळी मी लॉगबुक उघडलं. "कनेक्टर सैल" या शब्दांवर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं: "ही नोंद मी जाणूनबुजून खोटी केली. खरं कारण पुढच्या पानावर." सही केली. पुढच्या पानावर लिहायला लागले तशी आक्का खांद्यावरून डोकावली.

"माजं नाव घातलंस का?"

"चुकीपुढं?"

"मग कशापुढं? केलं म्या, बुजवलं म्या. आन हिकडं."

तिनं पेन घेतलं. चौथीत सोडलेलं अक्षर. मोठं, सुटं, रेघेला धरून. एवढं लिहायला तिला पाच-सहा मिनिटं लागली: "एक ते चार. वातीची जागा ऱ्हायली. बुजवली. सुभद्रा." खाली इम्राननं तपासणाऱ्याची सही केली, फोड आलेल्या बोटांनी.

त्यानंतर मी रोज सकाळी आलेख बघायला जाताना देवाचं नाव घेत होते, असं लिहायला फिजिसिस्ट म्हणून मला संकोच वाटतो, पण वहीच्या प्रकरणानंतर खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. आलेख सपाट राहिला. दहा दिवस पूर्ण झाले आणि एक दिवस वर शिल्लक राहिला.

कमिटीचे अध्यक्ष जुन्या वळणाचे प्रोफेसर होते. माझं प्रेझेंटेशन सुरू व्हायच्या आधीच त्यांनी हात पुढं केला. "लॉगबुक." तीच त्यांची सवय होती, आधी वही, मग माणूस. ते पानं उलटत गेले आणि रेघेपाशी थांबले.

"मॅडम, ही खोटी नोंद तुम्ही केलीत?"

"हो सर."

डायरेक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

"का?"

मी सांगितलं. फटाके, कोपरा, वात, बहीण, मुकादम, सगळं. दहा मिनिटं लागली. अध्यक्षांनी आक्काची ओळ मोठ्यानं वाचली, "वातीची जागा" हे शब्द दोनदा वाचले. मग म्हणाले, "कारण नीट सांगितलंत म्हणून नोंद माफ होत नाही. तेवढी माझ्या रिपोर्टात येईल."

"यावी सर."

"आता डेटा दाखवा."

इम्राननं दहा दिवस पडद्यावर लावले. अध्यक्ष बराच वेळ त्या सपाट रेघेकडं बघत राहिले. शेवटी त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "या सुभद्राबाई दुसऱ्या स्टेशनचं काम घेतील का? आमच्या दक्षिणेच्या काउंटरांनाही दिवसा बडबडायची सवय लागली आहे."

आक्का मागच्या बाकावर, पदर घट्ट ओढून बसली होती. इम्राननं मागं वळून तिला विचारलं. ती तिथूनच म्हणाली, "टेप असंल तर आधी काढून आना म्हनावं."

स्टेशन राहिलं. आमचे काउंटर तिकडं जायचे होते ते गेले नाहीत, उलट त्यांचे इकडं यायला लागले. आणि रिपोर्टात माझी खोटी नोंदही आली, ठरल्याप्रमाणे, तिसऱ्या परिच्छेदात. इम्राननं ते पान खोलीत भिंतीला लावलंय. काढ म्हटलं तर काढत नाही.

त्या दिवशी घरी जाताना गाडीत आक्कानं विचारलं, "त्या सायबानं माजं नाव वाचलं न्हवं?"

"वाचलं की. मोठ्यानं."

"चूक वाचली का काम वाचलं?"

"दोन्ही एकाच ओळीत आहे आक्का."

तिनं विचार केला. "मग बरं झालं."

या सगळ्यातून मी शिकले ते फार मोठं नाही. बिघाडाचं खरं कारण लगेच लिहावं, विशेषतः ते आपल्या माणसाच्या हातचं असेल तर. बाकी कनेक्टर सगळे चांगले होते.

परवा दक्षिणेचा पहिला काउंटर आला. आक्कानं तो घरीच करायला घेतला. मी शेजारी बसून कागदाची कड धरली होती, तोंड मिटून, तिच्या हुकमाप्रमाणं. तीन घड्या झाल्या. दुमड झाली. उजव्या खालच्या कोपऱ्यावर तिचा हात थांबला. तिनं तो पुरता मिटवला, खळ लावली, वरून ठिगळ बसवलं आणि अंगठा दाबून धरला. पार सुकेपर्यंत. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "हं शके. आता बोल."